पाव्हणे कोणाचे, डोंगर कोणाचा?



मागच्या अंकात सामूहिक वनहक्काच्या फायली प्रांत ऑफिसात कशा धूळ खात पडल्यात ते लिहिलं होतं. या वेळी विषय वेगळा वाटेल. शनिवार-रविवारी गाड्या भरून आपल्याकडं येणाऱ्या पाव्हण्यांचा विषय आहे. पण शेवटपर्यंत वाचा, म्हणजे हा विषयसुद्धा त्याच फायलीत बांधलेला आहे हे कळेल.

पुण्यात शिकणाऱ्या एका पोराने आम्हाला एक पत्रक आणून दिलं. इंटरनेटवरून काढलेलं, रंगीत. वर रतनगडाचा फोटो, खाली काजव्यांनी लगडलेलं झाड. "आदिवासींसोबत दोन दिवस, एक रात्र." मग काय काय मिळणार त्याची यादी. अस्पर्शित गाव, चुलीवरचं जेवण, आदिवासी नृत्य, शेकोटी, आणि गावकऱ्यांसोबत गप्पा. माणशी अठराशे रुपये. म्हणजे गप्पासुद्धा दरात धरलेल्या आहेत. आपली म्हातारी ओट्यावर बसून "कुठून आलासा, बाळ?" म्हणाली की ते विकलं गेलं, आणि विकलं गेल्याचं तिला माहीतसुद्धा नाही.

पत्रक आम्ही रात्री देवळापुढं वाचून दाखवलं. एका आजीनं विचारलं, अस्पर्शित म्हणजे काय? आम्ही म्हणालो, ज्याला अजून बाहेरच्या कोणी हात लावलेला नाही असं गाव. आजी हसली. म्हणाली, "मंग धरण बांधलं तव्हा काय हात न लावताच बांधलं का?"

आजीच्या या एका प्रश्नात सगळं आलं. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली आपल्या वाडवडिलांची भातखाचरं गेली आणि ते पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं, साखर कारखान्यांना गेलं. आपण धरणाच्या काठावर राहून मे महिन्यात टँकरची वाट बघतो. पुढं 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, सुमारे 360 चौरस किलोमीटरचं. त्या दिवसापासून आपण आपल्याच रानात चोर ठरलो. आणि आता पत्रकवाले म्हणतात की या गावाला कोणी हात लावलेला नाही! ज्यांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हात लावून घेतला, त्यांच्याच कपाळावर अस्पर्शित अशी चिठ्ठी चिकटवायची.

आधी पैशांचा हिशोब करून टाकू, कारण सगळ्यात आधी तोच विचारला जातो. मागच्या मोसमात एका खेपेला पस्तीस जण आले. पत्रकातल्या दराने त्रेसष्ट हजार झाले. गावात किती राहिले? दोन जेवणं सत्तर-सत्तरची आणि नाष्टा तीस रुपयांचा, म्हणजे माणशी एकशेसत्तर, पस्तीस जणांचे पाच हजार नऊशे पन्नास. दोन वाटाडे, तीनशे-तीनशे. नाचणाऱ्यांच्या सगळ्या मेळ्याला मिळून एक हजार. निजायला ज्यांची पडवी घेतली त्यांना पाचशे. बेरीज आठ हजार पन्नास. गाडीचं भाडं, डिझेल, त्यांच्या सोबत्याचा पगार त्यांचा त्यांना लागतो, मान्य. तरी पण त्रेसष्टातले आठ. आणि त्या आठातून तांदूळ, तेल, मसाला, लाकूड, पाणी, दोन दिवसांची बायांची मजुरी वजा करा. पाण्याचं तर बोलायलाच नको. काजव्यांचा मोसम म्हणजे मे अखेर ते पहिला पाऊस, नेमका विहिरीचा तळ दिसतो तो काळ. पस्तीस जणांच्या अंघोळीचं पाणी कोणाच्या डोक्यावरून आलं?

पण साथींनो, आम्हाला हा हिशोब मुख्य वाटत नाही. उद्या त्यांनी ताटाचे सत्तरचे दीडशे केले तर आमचं भांडण मिटणार आहे का? नाही मिटणार. भांडण ताटाचं नाहीच.

शेजारच्या वाडीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. धरणाच्या काठाला त्यांचं दीड एकर माळरान आहे. पीक फारसं येत नाही, पण गुरं तिथून पाण्यावर उतरतात. दोन वर्षांमागं टूरवाल्यांपैकी एक जण आला, चांगला गोड बोलणारा. काकांच्या घरी तीन वेळा जेवला. "काका, तुमची जमीन तुमचीच. आम्ही फक्त शनिवारी टेंट लावू, रविवारी काढू." एक वर्षाचा कागद करू म्हणाला. शंभराच्या स्टँपवर टाइप करून आणला, वाचून दाखवला, काकांनी अंगठा दिला. वर्षाने कागद आम्ही हातात घेऊन वाचला तर त्यात एक वर्ष नाही, एकोणतीस वर्षं! आणि कुलमुखत्यारपत्र वेगळंच. शनिवारचे टेंट सोमवारीही तिथंच राहिले. मग तारेचं कुंपण आलं, मग सिमेंटचं जोतं. आता काकांची गुरं पाण्यावर जायला अर्धा कोस वळसा घालतात. काकांचा धाकटा त्याच कुंपणाच्या आत रात्री राखण करतो, महिन्याच्या पगारावर.

आणि जे लपवलं तर हे पत्रकही खोटं ठरेल ते सांगतो. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही आमच्यातल्याच एकाची आहे. बारावी पास, लिहिता-वाचता येणारा, म्हणून त्याला बोलावलं. त्याने न वाचता सही केली आणि पाचशे रुपये घेतले. हा मजकूर लिहिताना तो आमच्यात बसलेला आहे आणि हे लिहा असं त्यानेच सांगितलं.

आता कायदा काय म्हणतो तो नीट ऐका, कारण असे कागद आणखी सात-आठ वाड्यांत फिरतायत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली कलम 36-अ आलं. त्याप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं, बक्षीस देणं, अदलाबदल करणं, गहाण टाकणं किंवा भाडेपट्ट्याने देणं हे परवानगीशिवाय करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची आधी परवानगी लागते. त्याच्या पुढं काहीही असेल तर कलेक्टरला सरकारची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे एकोणतीस वर्षांचा तो शंभराचा स्टँप कायद्यापुढं रद्दी आहे. मग ती रद्दी असूनही जोतं उभं कसं राहिलं? कारण तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, हा तुमचा खाजगी व्यवहार आहे. कलम लिहिलेला कागद पुढं ठेवला तर म्हणाले, ठेवून जा. ठेवून आलोय, पोच घेऊन.

काही जण कायद्याला आणखी चांगली बगल देतात. पैसा बाहेरचा आणि नाव एखाद्या आदिवासी पोराचं. सातबाऱ्यावर आपल्यातलाच माणूस दिसतो, बोर्डावर "आदिवासी होम स्टे" लिहिलेलं असतं आणि गल्ला दर सोमवारी शहरात जातो. कर्जतकडं कधी गेलात तर बघा. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांना वेढून फार्महाऊसची कुंपणं उभी आहेत आणि गेटावर राखणदार म्हणून त्याच वाडीतला माणूस उभा आहे. तिकडंही पहिल्यांदा कोणी बुलडोझर घेऊन आला नव्हता. आधी डोंगर चढायला आले, मग जेवायला थांबले, मग म्हणाले जागा छान आहे.

हे झालं सातबाऱ्याच्या जमिनीचं. रानाचं त्याहून वाईट आहे, कारण तिथं आपला सातबाराही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीची आई मोळी घेऊन येताना अडवली. वाळलेलीच लाकडं होती. कोयती जप्त केली, दम दिला, अभयारण्य आहे म्हणाले. त्याच आठवड्यात शनिवारी रात्री त्याच रानाच्या कडेला शेकोटी पेटली. पत्रकात लिहिलेली, दरात धरलेली शेकोटी! ओंडकेच्या ओंडके जळत होते आणि कोयती नेणारा साहेब शेकोटीशेजारी खुर्चीवर बसून चहा पीत होता. आम्ही विचारलं, साहेब, ही लाकडं अभयारण्यातली नाहीत का? तर म्हणाले, हे इको-टुरिझम आहे. म्हणजे आईने भाकरीसाठी चूल पेटवली की जंगलतोड आणि पाव्हण्याने गाण्यासाठी पेटवली की इको.

काजव्यांचंही तेच. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर ते बसतात. आपली माणसं त्या दिवसांत त्या झाडांखाली फिरत नाहीत, कारण नसताना दिवा घेऊन तर नाहीच. काजव्याच्या अळ्या मातीत वाढतात आणि नर-मादी उजेडाच्या खुणेवरच एकमेकांना शोधतात. आता शेकडो माणसं ती माती तुडवतात, गाड्यांचे दिवे झाडावर मारतात, बॅटऱ्या पाजळतात. आणि अभयारण्याला धोका कोणाचा? तर म्हणे आमच्या शेळ्यांचा.

आता सोंगांबद्दल. पाव्हण्यांना आदिवासी बघायचा असतो, पण कोणता आदिवासी ते त्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. एका वाडीत टूरवाल्याने चार घरांच्या भिंती रंगवून घेतल्या. पांढऱ्या रेघांची वारली चित्रं. चित्र काढणारा शहरातून आणला होता. आम्ही महादेव कोळी, शेजारी ठाकर. वारल्यांची कला थोर आहे, ते आपले भाऊ आहेत, पण ती त्यांच्या लग्नाच्या चौकाची गोष्ट आहे. आमच्या भिंतीवर ती कधी नव्हती. एका बाईने विचारलं, "तारपा वाजवत नाही का तुम्ही?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, जणू आम्ही भेसळीचे निघालो. कांबड नाच मे महिन्यात, उन्हात, जेवणाआधी वीस मिनिटं नाचायला सांगतात. एकाने तर बोहाड्याचे मुखवटे बाहेर काढा म्हणून पैसे पुढं केले. बोहाड्यात जे नाचतं ते देवाचं सोंग असतं, त्याला वेळ आहे, रात्र आहे, मान आहे. म्हाताऱ्यांनी नाही सांगितलं ते बरं झालं. आणि पावसाळ्यात नवीन खूळ निघालंय, "एक दिवस शेतकरी". पाव्हणे चिखलात उतरतात, आवणी करतात, फोटो काढतात. ते गेल्यावर आपल्या बाया तीच रोपं उपटून पुन्हा लावतात. त्या दुसऱ्या आवणीची मजुरी कोणत्याच पत्रकात नाही.

आमच्या डोंगरात राघोजी भांगरे लपला होता, सावकारांच्या वह्या जाळणारा, इंग्रजांनी 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेला. एका खेपेला शहरी सोबती पाव्हण्यांना सांगत होता, इथं पूर्वी दरोडेखोर राहायचे. आमचा वाटाडा पोरगा मागं ओझं घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही, कारण त्याला तीनशे घ्यायचे होते. नंतर आमच्यापाशी येऊन रडला.

यावर आपल्यातलेच काही जण रागावतील, रागावलेतही. एका आत्यांनी आम्हाला तोंडावर सुनावलं, "तुम्ही पत्रकं काढा. माझी पोरगी आश्रमशाळेतून कॉलेजात गेली ती या ताटांच्या पैशावर. रोजगार हमीचा पैसा सहा महिने येत नाय, हा पैसा त्याच दिवशी हातात पडतो. तुम्ही बंद करायला सांगणार व्हय?" आत्या खोटं बोलत नाहीत. आम्हीसुद्धा वाटाडे म्हणून गेलोय, सांदण दरीत दोर बांधलेत, कोकणकड्यावर लोकांच्या बॅगा वाहिल्यात. मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण निसरड्यावरून घसरून पाय मोडून घरात बसला, तेव्हा टूरवाल्याने फोन उचलला नाही. पाव्हण्यांचा विमा होता, त्याचा नव्हता. तरी पाय बरा झाला की तो पुन्हा जाणार, कारण दुसरं काम नाही. म्हणून आम्ही बंद करा असं म्हणत नाही. आलेल्या माणसाला भाकर न देता पाठवणं आपल्या रक्तात नाही आणि शहरातला पोरगा डोंगर बघायला आला तर तो आमचा दुश्मन नाही. त्यातले काही जण आमच्या मोर्चात आलेत, दाव्यांचे नकाशे करून देतायत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की पाव्हणा तो, ज्याला घरधनी बोलावतो. इथं घरधन्याला विचारतच नाही. बोलावणारा शहरात, परवानगी देणारा फॉरेस्ट, प्रवेशाची पावती फाडली तर ती फॉरेस्टची नाहीतर त्यांनीच बसवलेल्या समितीची, आणि आपण फक्त ताटं वाढायला. घरात आपण आहोत, पण घराचा कागद आपला नाही. तोवर पर्यटन कितीही चांगलं, कितीही जबाबदार असो, त्यात आपण वाढपीच राहणार.

कागद कुठला ते आपल्याला माहीत आहे. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 पासून लागू. वैयक्तिक दाव्याला 13 डिसेंबर 2005 ची तारीख लागते, पण गावाच्या सामूहिक रानाचा हक्क हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराचा आहे. तो अभयारण्यातसुद्धा लागू आहे, फॉरेस्टवाले काहीही सांगोत. कलम 5 प्रमाणे रान, पाणी, वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली हा हक्क मिळाला. तरी बांबू विकू देईनात, तेव्हा गाव भांडलं आणि 2011 साली वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. आता तिथं बांबू कोणाला द्यायचा ते ग्रामसभा ठरवते. मग आपल्या डोंगरावर कोणाला, किती जणांना, कोणत्या महिन्यात न्यायचं हे आपली ग्रामसभा का ठरवू शकणार नाही? म्हणून म्हणतो, प्रांत ऑफिसातली ती फाइल आणि ही टूरवाल्यांची गाडी एकाच रस्त्यावर आहेत. जी आधी पोचेल तिचा डोंगर.

सरकार आपोआप आपली बाजू घेईल या भरवशावर राहू नका. अंदमानात जारवा लोकांच्या रानातून रस्ता काढला. त्या रस्त्याने पर्यटक जारवांना बघायला जातात, बिस्किटं टाकतात. सुप्रीम कोर्टाने 2002 साली तो रस्ता जारवांच्या रानातून बंद करा असा हुकूम दिला. गाड्या अजून चालू आहेत.

कळसूबाईची गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेलीच आहे. पाव्हणे शिड्या चढून 1646 मीटरवर जातात, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर फोटो काढतात, पण ती तिथं का जाऊन बसली ते त्यांना कोणी सांगत नाही. कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी अट मोडली, भांडी घास म्हणाले. तिने घासली, आणि हात धुवून जी डोंगरावर गेली ती परत उतरलीच नाही. ती कामाला नाही म्हणाली नव्हती. अट तिची होती.

आपल्या अटी आम्ही मसुदा म्हणून मांडतोय, ग्रामसभेत भांडून बदला. सामूहिक हक्काचा कागद हातात येईपर्यंत कोणीही टेंटसाठी, हॉटेलसाठी, "होम स्टे"साठी जमिनीचा कसलाही कागद करू नये, आपल्यातल्या आपल्यातही नाव उसनं देऊ नये. येणाऱ्या प्रत्येक टोळीने आधी ग्रामसभेला कळवावं, जेवणाचा आणि वाटाड्याचा दर ग्रामसभेचा, पैसे बायांच्या बचत गटाच्या हातात रोख, वाटाड्याचा विमा टूरवाल्याने काढलेला. काजव्यांच्या झाडांखाली रात्री गाड्या आणि बॅटऱ्या बंद. टँकरचं पाणी पाव्हण्यांना नाही, त्यांनी आपलं घेऊन यावं. बोहाड्याची सोंगं विकायची नाहीत, यावर चर्चासुद्धा नको. आणि आत्यांचा मुद्दा राहतोच: रोजगार हमीची थकलेली मजुरी मिळाली पाहिजे, नाहीतर आपल्या अटी घालायची ताकदच आपल्यात राहणार नाही. ही मागणी तहसीलवरच्या मोर्चात पहिली घ्यायची असं ठरलंय.

येत्या अमावास्येला सकाळी दहाला देवळात बैठक आहे. ज्यांनी ज्यांनी टूरवाल्यांच्या, टेंटवाल्यांच्या कागदावर सही किंवा अंगठा दिला आहे त्यांनी तो कागद, सातबारा आणि 8-अ घेऊन यावं. कागदाची प्रत दिलीच नसेल तरी यावं, लाजू नये, साक्षीदाराची सही करणारा आपल्यातलाच आहे आणि तो समोर बसून सगळं सांगणार आहे. कलेक्टरला द्यायचे अर्ज तिथंच लिहून घेऊ. वनहक्क समितीच्या सगळ्या सदस्यांनी दाव्याची पोच आणावी. येताना भाकर बांधून आणा, कालवण तिथं होईल. भांडी ज्याची त्याने घासायची.